वानपेनच्या जागेवरचं पोतं

हसायचं असेल त्याने रस्त्यापलीकडे जाऊन हसावं. माझ्या दुकानात बसून, माझ्या हातची पपईची कोशिंबीर खात खात प्रयूनदादाच्या गाडीकडे बोट दाखवून जो जो खिदळला, त्याच्यापुढची बशी मी उचलून घेतली आहे. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. कालासिनहून खोनकेनला जाणाऱ्या ह्या हमरस्त्यावर भुकेली माणसं काय थोडी आहेत?

आता पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं, ते काय लपवायचं. पिकअपच्या डाव्या सीटवर तांदळाचं पोतं. पोत्याला बाईचा ब्लाउज चढवलेला, निळ्या फुलांचा. वरून गाडीचा पट्टा लावलेला. आणि शेजारी प्रयूनदादा तोंड मिटून गाडी चालवतोय. मग तो ब्लाउज मी ओळखला आणि माझ्या हातातला बत्ता हातातच राहिला. तो वानपेनचा होता.

मी लमाय. माझं खाण्याचं दुकान आणि प्रयूनदादाचं गॅरेज ह्यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे, बस्स. त्याच्याकडे हातोडी पडली की माझ्या ताटल्या वाजतात आणि माझ्याकडे मिरच्या परतल्या की तो शिंकतो. गॅरेज आपलं म्हणायचं. तो इंजिन उघडत नाही, ब्रेक बघत नाही. पिकअपची पुढची चाकं सरळ करायची, एवढंच काम. तरुणपणी बँकॉकला गेला, तिथे कुठल्याशा मालकाच्या शिव्या खात हे शिकला, आणि शिकून झाल्यावर एक दिवसही जास्त न थांबता घरी आला. आमच्याकडे ह्या कामाला तोटा नाही. पिकअप नाही असं घर दाखवा. ऊस तिच्यातून जातो, डुकरं तिच्यातून जातात, शाळेची पोरं, विहारातले भंते, नवरी आणि मढंसुद्धा तिच्यातूनच जातं.

चाकाचं असं असतं, की ते वरच्या बाजूने आत झुकलं तर टायर आतून झिजतो, बाहेर झुकलं तर बाहेरून. आणि डावं-उजवं वेगवेगळं झुकलं की गाडी एका अंगाला ओढायला लागते. ह्या झुकण्याला गॅरेजवाले कॅम्बर म्हणतात. प्रयूनदादा गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतो, चाकाला एक पट्टी लावतो. पट्टीत पाण्याचा बुडबुडा असतो, गवंड्याकडे असतो तसा. मग खाली उतरून चाक पेलणाऱ्या वरच्या दांडीच्या मागे पातळ पत्र्या घालायच्या नाहीतर काढायच्या, बुडबुडा जागेवर येईपर्यंत. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून मलाही ते पाठ झालंय.

पण प्रयूनदादाची एक खोड होती. रिकाम्या गाडीला तो पाना लावायचा नाही. गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"डाव्या बाजूला कोण बसतं?"

"काका, तुम्हाला काय करायचंय? चाकं सरळ करा ना."

"तू एकटा फिरतोस की कुणी बसतं शेजारी? मागे ऊस असतो की कोंबड्या? जे वजन रोज असतं ते बसव, मग मी लावतो. रिकाम्या गाडीवर लावली तर रिकामी असेतोवरच सरळ जाईल. आणि आपल्याकडे रिकामी गाडी कोण चालवतं?"

मग माणसं घरी जाऊन सासूला घेऊन यायची. सासू सीटवर बसून पान लावायची आणि हा खाली खड्ड्यात. एकदा एक उसाचा ठेकेदार आला. ऐटीत. डाव्या बाजूला बसवायला त्याने बाजारातली केस कापणारी आणली, शेलाटी, चवळीची शेंग. दादाने मुकाट्याने गाडी लावून दिली. पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराची बायको गाडी घेऊन दारात हजर. बाई अंगाने भरलेली. म्हणाली, "मी बसले की ही गाडी उजवीकडे ओढते. कुणाच्या वजनाची लावलीय ही?" प्रयूनदादा खड्ड्यातून वरच आला नाही. त्या दिवशी माझ्या दुकानात एवढी गर्दी, की भात संपला.

आणि ज्याची बायको घरी असेल, पोरं शाळेत असतील, त्याच्या गाडीत कोण बसणार? वानपेन बसायची. वानपेन म्हणजे प्रयूनदादाची बायको आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. दुपारचा डबा घेऊन यायची ती गाड्या बंद होईपर्यंत इथेच. गोल, गोरी, आवाज असा की ट्रकच्या भोंग्यावर चढायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "माझी बायको बसते शेजारी," की दादा नुसती हाक मारायचा आणि ही माझ्याकडची कोशिंबिरीची बशी हातात घेऊन त्या परक्या गाडीत चढून बसायची. बारीक बायको असेल तर सांगायची, "हिची पत्री थोडी कमी धर रे म्हाताऱ्या, मी तिच्या दीडपट आहे." आणि माझ्याकडे बघून ओरडायची, "लमाय, अर्ध्या जिल्ह्याची बायको झाले गं मी, एकाचाही संसार करावा लागत नाही!"

मूल नव्हतं त्यांना. त्याचं दुःख करायची, पण मनातल्या मनात. बाहेर कुणी बोललं तर त्याचं काही खरं नसायचं. उपोसथाच्या दिवशी विहारात, बाजाराच्या दिवशी बाजारात, दोघं त्यांच्या जुन्या पांढऱ्या पिकअपमधून जायची. तो उजवीकडे, ती डावीकडे. ती निघताना गाडी राखणाऱ्या देवीला आरशावर फुलांची माळ घालायची आणि मग सगळी वाट त्याला गाडी कशी चालवावी ते शिकवायची. ती गाडी दादाने तिच्या वजनाची लावली होती. म्हणायचा, "ही शेजारी नसली तर गाडीला करमत नाही, डावीकडे बघत बसते."

गेल्या भातलावणीनंतर तिचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज. आधी आम्ही म्हटलं, उन्हाचं असेल. मग जेवण तुटलं. खोनकेनच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कच्चा मासा खाता का. अहो, आमच्या भागात कोण खात नाही? तळ्यातला मासा चेचायचा, तिखट घालायचं, लिंबू पिळायचं. लिंबाने मासा शिजतो असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो. आजोबा खात होते, बाप खात होता. त्या माशातला किडा यकृतात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो, हे आरोग्यवाल्या बाया सांगून सांगून थकल्या, आम्ही माना डोलवल्या आणि घरी जाऊन पुन्हा लिंबू पिळलं. वानपेनच्या पित्ताच्या नळीत गाठ झाली होती. तिला ठेवून घेतलं.

त्या दिवशी प्रयूनदादा एकटा परत आला. भरदुपारी. गाडी खड्ड्याजवळ लावली आणि उतरलाच नाही. मी हात पुसत बाहेर गेले तर डाव्या पुढच्या चाकाला ओला चिखल, बंपरमध्ये लव्हाळ्याची काडी अडकलेली. खोनकेनहून येताना लव्हाळा एकाच ठिकाणी लागतो, डाव्या हाताला, मोठ्या कालव्याच्या काठाशी.

"दादा, काय झालं?"

"ओढत होती."

"कोण?"

"गाडी. ती बाजू हलकी झाली ना. डावीकडे ओढत होती."

"मग धरायची नाही का?"

तो समोर काचेतून बघत होता. "धरली," म्हणाला. आणि मग, "आधी जरा वेळ जाऊ दिली."

मला भीती वाटली की मी भांडते, माझा स्वभावच तसला. "तुला काही लाज? ती तिथे सलाईन लावून पडलीय आणि तू कालवे बघत फिरतोस? वर घे गाडी. आत्ताच्या आत्ता. एकट्याच्या वजनाची लाव!"

"नाही लावणार."

"का नाही?"

"डावी बाजू रिकामी धरून लावली, म्हणजे ती येणार नाही हे मी माझ्या हाताने ठरवलं. नाही लावणार मी, लमाय. तू तुझी पपई कूट जा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी वानपेनचा ख्वान बोलावला. माणूस घाबरला, खचला, आजारी पडला की त्याचा ख्वान अंगातून निसटतो आणि कुठेतरी भटकत राहतो, असं आमच्यात मानतात. मग त्याला गोड बोलून परत बोलवायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून आत अडकवून ठेवायचं. वानपेन इस्पितळात, म्हणून तिचा ब्लाउज पुढे ठेवला. केळीच्या पानांचा उंच द्रोण, फुलं, उकडलेलं अंडं, चिकट भाताचे मुटके. गावातल्या जाणत्या आजोबांनी हाका मारल्या, शेतात असशील तर ये, पाण्याकाठी असशील तर ये, तुझं माणूस वाट बघतंय. मग म्हणाले, हा ब्लाउज तिच्या नेहमीच्या जागेवर ठेव, म्हणजे ख्वानाला आपली जागा कळेल. मला दुकान सोडून जाता आलं नव्हतं, हे सगळं मागाहून कळलं. लोकांना वाटलं, दादा तो ब्लाउज तिच्या उशीवर ठेवील. ह्याने तिच्या माहेरच्या शेतातला तांदूळ पोत्यात भरला, काट्यावर चढवून तिच्या वजनाइतका केला, पोत्याला ब्लाउज घातला, गळ्याशी पांढरा दोरा बांधला आणि पोतं तिच्या जागेवर बसवलं. पट्टासुद्धा लावला.

गाडी सरळ चालायला लागली. तेवढं मात्र खरं. तो इस्पितळात जायचा, यायचा, चाकाला चिखल नसायचा. मी देवीला हात जोडले आणि गप्प बसले. पण लोक गप्प बसतात होय? "काका, काकूंना आज लिपस्टिक लावली नाही?" असं एक कारटं म्हणालं. त्याची बशी मी उचलली ती पहिली.

हसण्यापलीकडचं एक होतं, ते फक्त मला ऐकू येत होतं, भिंतीमुळे. दादाने तो प्रश्न विचारणं बंद केलं. गाडी आली की मुकाट्याने खड्ड्यावर घ्यायची, रिकामीच लावायची, आणि पुढची. डाव्या बाजूला कोण बसतं हे त्याला आता कुणाचंच जाणून घ्यायचं नव्हतं. उसाचा हंगाम सुरू झाला, गाड्यांची रांग लागली, आणि तो एकामागून एक रिकाम्या गाड्या लावत सुटला. जेवायला मी भात नेऊन ठेवायचे तो संध्याकाळी मुंग्यांना जायचा.

मी मध्ये दोनदा जाऊन वानपेनला भेटून आले. बाई, काय सांगू? तिच्या हातात बांगडी राहत नव्हती. तरी मला म्हणाली, "लमाय, बघ, आता मी त्या केस कापणारीच्या मापाची झाले. ठेकेदाराला निरोप पाठव." मी हसले, आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. कालव्याचं तिला सांगावं की नाही, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. नाही सांगितलं. आजारी माणसाच्या उरावर आणखी हे कशाला?

थंडी वाढायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला कळतं. प्रयूनदादाला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "बरी झाली म्हणून सोडतायत," असं तो मला सांगत होता, आणि मी "हो हो" करत होते. तिला धरायला कुणीतरी हवं म्हणून मी बरोबर गेले. पोतं सीटवर, म्हणून मी मागच्या हौद्यात चटई टाकून बसले. कडक थंडी, ऊन मात्र स्वच्छ.

इस्पितळाच्या दारात वानपेन चाकाच्या खुर्चीत बसून आली. डोक्याला रुमाल, अंगावर दोन शाली, त्यातून तोंड तेवढं दिसत होतं. गाडीचं दार उघडलं आणि तिने पोतं पाहिलं.

"अगंबाई! ही कोण?"

प्रयूनदादाने मान खाली घातली.

"ब्लाउज माझा, जागा माझी. आणि अंगाने माझ्यापेक्षा धष्टपुष्ट! माझ्यामागे हिला ठेवलीस होय रे म्हाताऱ्या?" खुर्ची ढकलणारी नर्स तोंडावर हात ठेवून हसली. वानपेनला हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"तूच आहेस ती," दादा म्हणाला. "तुझ्या वजनाची आहे."

"होते," वानपेन म्हणाली. एवढंच.

पोतं आम्ही उचलून मागे माझ्याजवळ ठेवलं. तिला मी उचलून सीटवर बसवलं. एकटीने उचललं, ह्यावरून काय ते समजा. पट्टा लावला तर तो सैल लोंबायला लागला.

निघालो. मी पोत्याला टेकून, मागच्या काचेतून दोघांची डोकी बघत होते. शहर संपेपर्यंत ठीक होतं. मोकळा रस्ता लागला तशी गाडी डावीकडे सरकायला लागली. थोडी, मग आणखी थोडी. दादाने ती परत रस्त्यावर आणली. पुन्हा सरकली. अहो, सरकणारच. वानपेन बसली होती, पण जिच्यासाठी गाडी लावली होती ती वानपेन कुठे होती? ती माझ्याशेजारी पोत्यात होती.

कालवा आला. गाडी पुन्हा सरकायला लागली आणि ह्या खेपेला कुणी तिला वळवलं नाही. मी काचेला डोळे लावले. प्रयूनदादाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. रस्त्याची पांढरी रेघ चाकाखाली गेली, खडी उडायला लागली, लव्हाळा फाळक्याला घासायला लागला. "दादा! अरे दादा!" मी काचेवर मुठी आपटल्या. तेवढ्यात शालीतून एक हात बाहेर आला, काडीसारखा, आणि त्याने स्टेअरिंग धरून उजवीकडे खेचलं. गाडी रस्त्यावर आली, मागून उसाचा ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि मग दादाने गाडी थांबवली.

मी हौद्यातून उतरून दाराशी गेले. वानपेन त्याच्याकडे बघत होती. चिडलेली नव्हती.

"गाडी ओढते," ती म्हणाली.

"हो."

"तुला कळत होतं."

"हो."

"मग धरली का नाहीस?"

ती माझ्याकडे वळली. "लमाय, हे पहिल्यांदा नाही ना?" तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. मी मान हलवली. तिने डोळे मिटले, आणि मिटूनच म्हणाली, "घरी नको. आधी गॅरेजवर घे. आणि दोन्ही हातांनी चालव, मी बघतेय."

गॅरेजवर पोचलो तर दोन गाड्या रांगेत उभ्या होत्या. मी त्यांना हाकललं. दादाने गाडी खड्ड्यावर घेतली, चाकं फिरत्या थाळ्यांवर ठेवली, पाना हातात घेतला आणि बायकोला म्हणाला, "बस तशीच. तू आहेस तशी लावतो. आता ओढणार नाही."

"मी उतरतेय," वानपेन म्हणाली.

"उतरू नको. तू उतरलीस तर कुणाच्या वजनाची लावू?"

"तुझ्या."

"नाही."

"लमाय, मला उतरव गं."

मी दोघांच्या मध्ये उभी. दादा माझ्याकडे असा बघत होता, की मी तिला हात लावला असता तर त्याने मला पाना मारला असता. आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तिला उतरवलं. दुकानातली प्लास्टिकची खुर्ची आणली, गाडीच्या तोंडासमोर ठेवली, तिला तीत बसवलं, शाली पायांवर घातल्या.

"आता लाव," ती म्हणाली.

प्रयूनदादा खड्ड्याच्या कडेला खाली बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस, तोंड पसरून, भर रस्त्यावर. "तुझा ख्वान येऊन कुठे बसेल? जागा मोडली तर तो येणार कसा? मी सगळं सांभाळलंय. वजन सांभाळलंय, ब्लाउज सांभाळलाय. मला हे करायला लावू नकोस, वानपेन."

"इकडे ये."

तो उठून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"माझा ख्वान कुठे गेलेला नाही रे. इथे हाडांत आहे. डॉक्टरनी एवढ्या सुया टोचल्या, तो हलला नाही, माझ्यासारखाच हट्टी आहे. जायचं तेव्हा मला सांगून जाईल. निसटलाय तो तुझा. आणि कालव्यात जाऊन बसलाय." मग मला म्हणाली, "त्या पोत्याच्या गळ्यातला दोरा आण."

मी हौद्यात चढून पोत्याचा दोरा सोडला. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. वानपेनने तो प्रयूनदादाच्या मनगटाला बांधला. बोटांत जोर नव्हता, गाठ तीनदा सुटली, मी मदतीला गेले तर माझा हात झटकला. बांधून झाल्यावर तिने जाणत्या आजोबांसारखी हाक घातली, पण तिच्या रीतीने. "ये रे बाबा, कालव्यातून वर ये. चिखल झटकून ये. हा म्हातारा एकटा असणार आहे, त्याच्याजवळ राहा. त्याला भात खायला लाव. गाडी ओढायला लागली की त्याला चिमटा काढ." आणि मग, हळू, "मी गेल्यावर ही गाडी तुला त्या पाण्यात नेईल, आणि तू जाऊ देशील. मी कशी मरू मग? मला सुखाने मरू दे ना. लाव ती गाडी."

त्याने लावली. त्याला स्वतःला गाडीत बसून वजन द्यायचं आणि खाली उतरून पत्र्याही काढायच्या, दोन्ही कसं जमणार? मग त्याने आपल्या वजनाची वाळूची पोती उजव्या सीटवर ठेवली. डावी सीट मोकळी. खड्ड्यात उतरला. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज. मी बंपर दाबून गाडी हलवली, चाकं बसावीत म्हणून, त्याने बुडबुडा बघितला, पुन्हा उतरला, पुन्हा बघितला. वानपेन खुर्चीतून सांगत होती, "नीट बघ. घाई करू नको. परक्याची लावतोस तशी लाव." एकदा तिची मान कलली आणि मी घाबरून पुढे झाले, तर एक डोळा उघडून म्हणाली, "जागी आहे मी."

मग तिने त्याला एकट्याला गाडी घेऊन पाठवलं. विहाराच्या कमानीपर्यंत जा आणि ये, सपाट रस्ता लागला की हात सोडून बघ. तो गेला. आम्ही दोघी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. पांढरी गाडी लहान होत गेली, रेघेच्या आत, सरळ. परत आली तेव्हा वानपेनने विचारलं, "गेली सरळ?"

"गेली."

"मी नसताना?"

"तू नसताना."

"चला तर मग घरी," ती म्हणाली, "मला भूक लागलीय." तिने घरी जाऊन भाताचा एक मुटका खाल्ला. त्यानंतर फारसं काही खाल्लं नाही. उसाचा हंगाम संपायच्या आत गेली, दुपारच्या झोपेत, प्रयूनदादा उशाशी असताना. पोत्यातला तांदूळ मी भिजवला, वाफवला, आणि अंत्यविधीला आलेल्या सगळ्या गावाने तो खाल्ला. भंतेंना आधी वाढला. तिच्या माहेरचा तांदूळ चांगलाच होता. ठेकेदाराची बायको दोनदा मागून घेऊन जेवली आणि सगळ्यांत जास्त रडली.

प्रयूनदादाने गॅरेज बरेच दिवस बंद ठेवलं. मग एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "डाव्या बाजूला कोण बसतं?" माझ्या हातातली मिरची तव्यावर जळली, तो शिंकला, आणि मी बाहीने डोळे पुसले. मिरचीनेच आलं असेल पाणी.

परवा उपोसथ होता. विहार कालव्याच्या पलीकडे आहे, म्हणून दादा म्हणाला, चल सोडतो. मी केळीचे घड मागे टाकले आणि पुढे डाव्या बाजूला चढून बसले. थोडं पुढे गेलो तर गाडी उजवीकडे जायला लागली.

"दादा, ओढतेय रे."

"तू बसलीस म्हणून."

"मग लाव की दोघांच्या वजनाची. किती वेळ लागतो तुला?"

त्याच्या मनगटावरचा दोरा मळून काळा झालाय, पण आहे. तो म्हणाला, "तिने एकट्याची लावायला सांगितलीय. बस तू, मी धरतो."

मी त्याला गाडी थांबवायला लावली. उतरले आणि मागे जाऊन केळींजवळ बसले. गाडी सरळ चालायला लागली. कालवा आला तेव्हा मी काचेतून आत बघितलं. धरायची काही गरज नव्हती, तरी त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.